फिलिपिनो म्हणजे कोण? स्पेनची 333 वर्षं आणि एका राष्ट्राची घडण

गेल्या काही वर्षांत फिलिपिन्सचं नाव मराठी घरांतून वरचेवर कानावर येऊ लागलं आहे. भारताकडून ब्राह्मोस क्षेपणास्त्रं विकत घेणारा पहिला देश तोच. 2025 मध्ये त्यांनी भारतीय पर्यटकांना थोड्या मुक्कामासाठी व्हिसा माफ केला आणि त्याच वर्षी ऑगस्टमध्ये राष्ट्राध्यक्ष फर्डिनांड मार्कोस ज्युनिअर दिल्लीला येऊन गेले. डॉक्टर व्हायला दावाओला गेलेली मुलं तर आता बऱ्याच जणांच्या ओळखीत निघतात.

तिकडे जाऊन आलेल्यांना एक कोडं हमखास पडतं. चेहरेपट्टी मलेशिया-इंडोनेशियाच्या माणसांसारखी. आडनावं मात्र सान्तोस, रेयेस, गार्सिया, क्रूझ. ऑफिसात इंग्रजी, घरी टागालोग किंवा सेबुआनो, आणि भिंतीवर येशू. मग ही माणसं मूळची कोण?

यावर दोन तयार उत्तरं ऐकू येतात. एक, ते स्पॅनिश लोकांचे मिश्र वंशज आहेत. दुसरं, ते आपलं मूळ विसरलेले लोक आहेत. पहिलं उत्तर सरळसरळ चूक आहे. दुसरं चूक तर आहेच, शिवाय त्या माणसांवर अन्याय करणारंही आहे. आपण फिलिपिनो आहोत ही जाणीव स्पेन येण्याआधी कुणालाच नव्हती. स्पेननं ती दिली असंही झालं नाही. स्पेनशी भांडता भांडता ती तयार झाली, आणि भांडणाची भाषाही स्पेनचीच होती. हे कसं घडलं ते क्रमानं पाहू.

स्पेनच्या आधी तिथं काय होतं?

सात हजारांहून जास्त बेटं होती, पण देश नव्हता. लोक ‘बारांगाय’ नावाच्या वस्त्यांत राहत. एका वस्तीत काही कुटुंबं, त्यांचा एक दातू, म्हणजे प्रमुख, आणि त्याच्या हाताखाली स्वतंत्र माणसं आणि वेठीची माणसं. दक्षिणेला सुलू आणि मिंदानाओमध्ये इस्लाम पोचला होता आणि सुलतानही होते. खुद्द मनिलातले सत्ताधीश मुसलमान होते आणि ब्रुनेईच्या घराण्याशी त्यांचं नातं होतं. चीनशी व्यापार होता, सोन्याचे उत्तम दागिने घडत, लिहायला ‘बायबायिन’ नावाची लिपी होती. ही लिपी ब्राह्मीच्याच कुळातली.

यातली एक वस्तू मराठी वाचकानं जवळून पाहावी अशी आहे. लागुना प्रांतात नदीच्या गाळात एक ताम्रपट सापडला. त्याची सुरुवात साधारण अशी आहे: स्वस्ति, शकवर्षातीत 822, वैशाख मास, चतुर्थी, कृष्णपक्ष, सोमवार. आपल्या पंचांगात आजही शक लिहिला जातो, त्यामुळे ही ओळ कळायला आपल्याला शब्दकोश लागत नाही. इसवी सनाप्रमाणे हे साल 900. पुढचा मजकूर मुख्यतः जुन्या मलाय भाषेत आहे आणि विषय अगदी घरगुती आहे. नामवरान नावाच्या माणसाच्या डोक्यावर सोन्याचं कर्ज होतं. ते पूर्ण माफ झाल्याचा दाखला त्याच्या मुलांना दिला आहे, आणि देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आहे जयदेव.

हे वाचून ‘तिथं आपलं राज्य होतं’ असे मेसेज फिरवायचा मोह होतो. तसं काही नव्हतं. ही कालगणना आणि हे शब्द जावा-सुमात्रामार्गे, व्यापाराच्या वाटेनं तिथवर गेले. ताम्रपटावरून एवढं नक्की कळतं की स्पेनच्या सहाशे वर्षं आधी तिथं हिशेब, कायदा आणि लेखन होतं. ‘आम्ही आलो तेव्हा हे रानटी होते’ हे जेत्यांचं म्हणणं एवढ्या एका पत्र्यानं खोटं पडतं.

मूठभर स्पॅनिश लोक इतकी वर्षं टिकले कसे?

1521 मध्ये स्पेनच्या वतीनं निघालेला दर्यावर्दी मॅगेलन आला. सेबूचा राजा हुमाबोन आणि त्याची राणी यांचा त्यानं बाप्तिस्मा केला आणि शेजारच्या माक्तान बेटावर स्वारी करायला गेला. तिथल्या लापुलापूच्या माणसांनी 27 एप्रिलला त्याला ठार मारलं. पुढे 1540 च्या दशकात एका स्पॅनिश मोहिमेनं काही बेटांना राजपुत्र फिलिपचं नाव दिलं. खरी सत्ता बसली ती 1565 पासून, स्पॅनिश मोहिमेचा प्रमुख लेगास्पी यानं सेबूत ठाणं केलं तेव्हा. 1571 मध्ये मनिला त्यांच्या हातात गेली. 1565 ते 1898 मिळून 333 वर्षं होतात.

मात्र स्पेनपासून ही बेटं फार दूर होती. कारभार थेट माद्रिदहून चालत नसे. मेक्सिको स्वतंत्र होईपर्यंत, म्हणजे 1821 पर्यंत, तो मेक्सिकोमार्फत चाले. मनिला ते अकापुल्को अशी मोठी गलबतं अडीचशे वर्षं ये-जा करत. तिकडून चांदी यायची, इकडून चिनी रेशीम आणि चिनी मातीची भांडी जायची. एवढ्या दूर येऊन कायमचे राहणारे स्पॅनिश लोक थोडेच, आणि तेही बहुतेक मनिलाच्या तटबंदीच्या आत.

मग गावोगावी राज्य कोण चालवत होतं? फ्रायर. फ्रायर म्हणजे ऑगस्टिनियन, फ्रान्सिस्कन, डोमिनिकन अशा संघांतले व्रतस्थ पाद्री. विखुरलेल्या वस्त्या मोडून त्यांनी लोकांना चर्चच्या घंटेचा आवाज पोचेल इतक्या अंतरात आणून वसवलं. जन्ममृत्यूची नोंद, शाळा, कराची यादी, कुणाला गावाबाहेर जायची परवानगी, सगळं पाद्र्याच्या हातात. बऱ्याच गावांत लोकांनी पाहिलेला एकुलता एक स्पॅनिश माणूस म्हणजे तो पाद्री.

या पाद्र्यांनी एक गोष्ट अशी केली की तिचे परिणाम आजवर टिकले आहेत. लोकांना स्पॅनिश शिकवण्याऐवजी ते स्वतः स्थानिक भाषा शिकले आणि त्याच भाषांत धर्म सांगितला. 1593 मध्ये मनिलात छापलेल्या पहिल्या धर्मपुस्तकांपैकी एकात टागालोग मजकूर बायबायिन लिपीतही दिला होता. म्हणूनच मेक्सिको आज स्पॅनिश बोलतं आणि फिलिपिन्स बोलत नाही. भाषा शिकवली नाही यामागे आणखीही एक हिशेब होता: ज्याला स्पॅनिश येत नाही त्याला पाद्र्याला टाळून गव्हर्नरकडे तक्रार नेता येत नाही.

या इतिहासाशी आपला एक खरा धागा आहे, तो वसईचा. वसईत जन्मलेला गोन्सालो गार्सिया व्यापार करत पूर्वेकडे गेला आणि मनिलात फ्रान्सिस्कन संघात दाखल झाला. दुभाषा म्हणून तो तिथून जपानला गेला आणि 5 फेब्रुवारी 1597 रोजी नागासाकीत इतरांसोबत त्याला क्रुसावर मारण्यात आलं. वसईचे ख्रिस्ती आजही त्या संताचा सण साजरा करतात.

आडनावं स्पॅनिश, मग रक्त स्पॅनिश नाही?

बहुतांश लोकांच्या बाबतीत नाही. ही आडनावं सरकारी यादीतून वाटली गेली.

एकोणिसाव्या शतकापर्यंत बहुतेक लोकांना पक्कं आडनाव नव्हतं. बाप्तिस्म्याच्या वेळी संताचं नाव मिळे, आणि पुढे ‘दे ला क्रूझ’ नाहीतर ‘दे लोस सान्तोस’ असं काहीतरी मनाला येईल ते लावायचं. एकाच घरात दोन भावांची नावं निराळी. कर गोळा करणाऱ्याच्या दृष्टीनं ही मोठीच डोकेदुखी: कोण मेला, कोण पळाला, कुणी दुसऱ्या गावात नवं नाव घेतलं, काही थांग लागायचा नाही.

21 नोव्हेंबर 1849 रोजी गव्हर्नर जनरल नार्सिसो क्लावेरियानं हुकूम काढला. आडनावांचं एक जाडजूड छापील पुस्तक तयार झालं, अक्षरानुक्रमानं. त्यात स्पॅनिश घराण्यांची नावं होती, तशीच झाडांची, गावांची, वस्तूंची नावं आणि कितीतरी स्थानिक भाषांतले शब्दही होते. त्याची पानं प्रांतांना आणि प्रांतांकडून गावांना पाठवली गेली. गावचा पाद्री ते पान घेऊन बसे, घरातला वडीलधारा माणूस येई, आणि त्या पानावरचं एक नाव त्या घराला कायमचं चिकटे. चार पिढ्यांपासून एकच आडनाव चालत आलेल्यांना ते ठेवायची मुभा होती. मुलं नवं आडनाव वापरतात की नाही यावर शाळामास्तरांनी लक्ष ठेवायचं.

पानं अक्षरानुसार वाटली गेल्याची खूण काही गावांत अजून दिसते. आल्बाय प्रांतातल्या ओआस गावात ‘आर’ या अक्षरानं सुरू होणारी आडनावं ढिगानं सापडतात. एखाद्या प्रशासनानं अख्ख्या लोकसंख्येला एका फटक्यात नावं वाटल्याचं इतकं ठळक उदाहरण मला दुसरं माहीत नाही. याच क्लावेरियानं तारीखही बदलली होती. मेक्सिकोच्या बाजूनं आल्यामुळे फिलिपिन्सचं कॅलेंडर आशियातल्या शेजाऱ्यांपेक्षा एक दिवस मागे होतं. ते जुळवण्यासाठी 31 डिसेंबर 1844 हा दिवसच गाळला गेला. 30 डिसेंबरनंतर थेट 1 जानेवारी 1845 उजाडली.

मिश्र कुटुंबं झालीच नाहीत असं नाही, पण त्यांत चिनी मिश्रण कितीतरी जास्त. फुजियान प्रांतातून आलेले व्यापारी स्थानिक मुलींशी लग्न करत आणि बाप्तिस्मा घेत, आणि त्यांच्या वंशजांचा एक सधन वर्ग तयार झाला. फिलिपिन्सचा राष्ट्रनायक होसे रिझाल याचा पूर्वजही असाच चिनी स्थलांतरित होता. थोडं भारतीय रक्तही आहे. 1762 मध्ये इंग्रजांनी मनिला दोन वर्षांसाठी घेतली, तेव्हा मद्रासहून नेलेल्या शिपायांपैकी काही जण मनिलाजवळच्या काइंता गावात कायमचे राहिले.

हे गोव्यासारखंच नाही का?

वरून पाहिलं तर साम्य खूप आहे: इबेरियन (स्पेन-पोर्तुगालची) सत्ता, कॅथलिक धर्म, फर्नांडिस-फर्नांडेझ. पण पोर्तुगीज येण्यापूर्वी गोवा मोठ्या राज्यांचा भाग होता. अवतीभवती कोकण, घाट, मराठी आणि कानडी मुलूख होता. देवळं हलवली गेली तीही नदीपलीकडे, आपल्याच लोकांत. 1961 मध्ये पोर्तुगीज गेले तेव्हा गोव्याला जोडून घ्यायला भारत नावाचं मोठं घर शेजारीच होतं.

फिलिपिन्सच्या बेटांना असं परतायचं घर नव्हतं. स्पेन वजा केलं तर खाली उरतात ती वेगवेगळी बेटं, दीडशेहून जास्त भाषा आणि शेकडो दातू. ‘स्पेनपूर्व फिलिपिन्सकडे परत जाऊ’ असं म्हणणाऱ्यांची अडचण हीच आहे. परत जायचं तर बारांगायकडे जावं लागेल, फिलिपिन्सकडे नाही.

‘फिलिपिनो’ आधी कुणाला म्हणत?

बेटांवर जन्मलेल्या गोऱ्या स्पॅनिश माणसाला. स्पेनमध्ये जन्मलेले सगळ्यांत वर, त्यांच्याखाली हे बेटांवर जन्मलेले ‘फिलिपिनो’, आणि खाली मिश्र, चिनी आणि बेटांवरची मूळ माणसं. या मूळ माणसांना म्हणत ‘इंदियो’. ही उतरंड कागदावरही होती, कारण कर वर्गाप्रमाणे वेगवेगळा होता. इंदियो पुरुषाला वर्षाला 40 दिवस वेठ करावी लागे: रस्ते, पूल, जहाजासाठी लाकूडतोड.

या वर्गांना एकमेकांविषयी फारसं प्रेम नव्हतं. त्यांना जवळ आणलं ते चर्चमधल्याच एका भांडणानं. सेमिनरीत, म्हणजे पाद्री घडवणाऱ्या शाळेत, शिकलेले स्थानिक पाद्री होते, त्यात इंदियोही होते आणि मिश्रही. त्यांना गावची चर्चेस चालवायला मिळावीत असा नियम असूनही फ्रायर ती सोडत नसत, कारण चर्चबरोबर जमिनी आणि सत्ता यायची. होसे बुर्गोस हा विद्वान पाद्री या अन्यायावर लिहीत होता.

जानेवारी 1872 मध्ये काविते इथल्या शस्त्रागारात कामगारांनी आणि सैनिकांनी बंड केलं. ते लगेचच मोडलं गेलं, पण सरकारनं संधी साधली. मारियानो गोमेझ (वय 72), हासिंतो सामोरा आणि होसे बुर्गोस या तीन पाद्र्यांवर कटाचा आरोप ठेवून 17 फेब्रुवारीला भर मैदानात लोखंडी पट्ट्यानं गळा आवळून त्यांना मारण्यात आलं. त्यांची पाद्रीपदाची वस्त्रं काढून घ्यायला आर्चबिशपनंच नकार दिला होता. त्यामुळे मैदानात जमलेल्या हजारो लोकांनी पाहिलं ते असं: आपल्यातले तीन पाद्री, पाद्री असतानाच, कॅथलिक सरकारनं मारले. लोकांच्या तोंडी तिघांच्या नावांचं मिळून एक नाव झालं, गोमबुरझा.

इथं मला मुंबईची चाळ आठवते. चाळ मालक बांधतो, भाड्यासाठी. राहायला येतात ते कुणी मालवणचे, कुणी साताऱ्याचे, कुणी देशावरचे. त्यांना एकत्र आणायचा मालकाचा हेतू नसतो. पण नळ एकच, जिना एकच, भाडं वाढवणारा एकच. मालकाशी भांडताना ते ‘आम्ही चाळकरी’ म्हणायला लागतात आणि पुढे चाळीचा गणपती बसतो. भिंती मालकाच्या, पण ‘आम्ही’ त्यांचं स्वतःचं. फिलिपिन्सच्या बाबतीत 1872 हे साल ते ‘आम्ही’ पहिल्यांदा मोठ्यानं उच्चारलं गेल्याचं आहे.

रिझाल स्पॅनिशमध्ये का लिहीत होता?

गोमबुरझाच्या वेळी होसे रिझाल दहा वर्षांचा होता. त्याचा थोरला भाऊ पासियानो बुर्गोसच्या जवळचा. 1879 मध्ये, अठराव्या वर्षी, रिझालनं फिलिपिनो तरुणांना उद्देशून लिहिलेल्या कवितेला मनिलात बक्षीस मिळालं. तिच्यात ‘फिलिपिनो’ म्हणून ज्यांना हाक मारली होती त्यांत इंदियो मुलं होती. गोऱ्यांपुरतं असलेलं नाव एका इंदियो-चिनी घरातल्या मुलानं सगळ्यांसाठी घेऊन टाकलं.

पुढे तो युरोपात शिकायला गेला आणि डोळ्यांचा डॉक्टर झाला. 1887 मध्ये ‘नोली मे तांगेरे’ आणि 1891 मध्ये ‘एल फिलिबुस्तेरिस्मो’ या त्याच्या दोन कादंबऱ्या छापल्या गेल्या. दुसरी त्यानं गोमबुरझाला अर्पण केली. गावातला सर्वसत्ताधीश फ्रायर, त्याची लाचारी करणारे स्थानिक श्रीमंत, वेडी झालेली गरीब आई, सुधारणा करायला निघून तोंडघशी पडलेला तरुण, सगळं त्यात होतं. हे त्याच्या घरात घडतही होतं. कालांबा गावात त्याचं कुटुंब डोमिनिकन संघाच्या जमिनीवर कुळ होतं. खंडावरून वाद झाला, कोर्टकज्जे झाले आणि शेवटी कुटुंबांना घराबाहेर काढलं गेलं.

आक्षेप असा येतो: देशभक्त होता तर लिहिलं जेत्याच्या भाषेत कसं? एक तर आरोपपत्र आरोपीला वाचता यावं लागतं. दुसरं, टागालोगमध्ये लिहिलं असतं तर सेबू किंवा इलोकोसच्या वाचकाला ते परकंच होतं. सगळ्या बेटांवरच्या शिकलेल्या लोकांची सामाईक भाषा स्पॅनिशच होती. आपल्याकडे दादाभाईंनी ब्रिटिशांच्या लुटीचा हिशेब इंग्रजीत मांडला, तेही याच कारणानं.

रिझालला सशस्त्र उठाव घाईचा वाटत होता आणि त्यानं तसं लिहूनही दिलं. तरी 30 डिसेंबर 1896 च्या सकाळी मनिलाच्या बागुम्बायान मैदानात त्याला गोळ्या घातल्या. बंदूकधारी शिपाई स्थानिक होते आणि ते कचरले तर त्यांच्यावर झाडायला मागे स्पॅनिश सैनिक उभे होते. समोरून गोळी घ्यायची त्याची विनंती नाकारली गेली, कारण देशद्रोह्याला पाठीत मारायचा रिवाज होता. त्याचं वय 35. बहिणीला दिलेल्या स्पिरिटच्या छोट्या स्टोव्हमध्ये त्यानं शेवटची कविता लपवून ठेवली होती. तीही स्पॅनिशमध्येच.

लढणारी बाजू वेगळ्या माणसांची होती. मनिलाच्या तोंडो वस्तीतला आंद्रेस बोनिफासियो गोदामात काम करायचा. शाळा फार झाली नव्हती, पण रिझाल वाचलेला. 1892 मध्ये त्यानं ‘कातिपुनान’ ही गुप्त संघटना काढली, टागालोग भाषेतून. ऑगस्ट 1896 मध्ये तिच्या माणसांनी आपापल्या ‘सेदुला’ टराटरा फाडल्या. सेदुला म्हणजे कर भरल्याचा, सतत जवळ बाळगायचा दाखला. ज्या कागदानं स्पेननं त्यांना मोजलं होतं तो फाडून उठाव सुरू झाला. बोनिफासियोला पुढे स्पेननं मारलं नाही. मे 1897 मध्ये त्याचे प्रतिस्पर्धी एमिलियो आगिनाल्दो यांच्या क्रांतिकारी सरकारनंच त्याला मृत्युदंड दिला. ही जखम फिलिपिनो इतिहासात अजून भळभळते.

स्पेन गेलं, मग स्वातंत्र्य मिळालं का?

12 जून 1898 रोजी आगिनाल्दोंनी काविते इथं स्वातंत्र्य जाहीर केलं. पण त्याच वेळी स्पेन-अमेरिका युद्ध चालू होतं. 13 ऑगस्टला मनिलात स्पॅनिश आणि अमेरिकी सेनापतींनी आधी ठरवून एक लुटुपुटूची लढाई केली, जेणेकरून शहर फिलिपिनो सैन्याच्या हाती पडू नये. डिसेंबरमध्ये पॅरिसच्या तहात स्पेननं दोन कोटी डॉलर घेऊन बेटं अमेरिकेला दिली. फेब्रुवारी 1899 पासून फिलिपिनो अमेरिकेशी लढले आणि हरले. पूर्ण स्वातंत्र्य 4 जुलै 1946 ला मिळालं. पुढे स्वातंत्र्यदिन म्हणून त्यांनी अमेरिकेनं दिलेली तारीख सोडून 12 जून स्वीकारला.

अमेरिकेनं शाळा काढल्या आणि त्या इंग्रजीत चालवल्या. दोनेक पिढ्यांत स्पॅनिश मागे पडली. झांबोआंगासारख्या काही ठिकाणी ‘चाबाकानो’ ही स्पॅनिश-मिश्रित बोली मात्र जिवंत आहे. परिणाम असा की आजचा फिलिपिनो विद्यार्थी आपल्या राष्ट्राचे पायाभूत ग्रंथ मूळ भाषेत वाचू शकत नाही. 1956 च्या कायद्यानं रिझालच्या कादंबऱ्या शिक्षणात सक्तीच्या झाल्या. तेव्हा कॅथलिक चर्चनं कडाडून विरोध केला आणि धार्मिक कारणानं सवलत मागायची तरतूद कायद्यात घालावी लागली. मुलं त्या वाचतात, पण इंग्रजी किंवा फिलिपिनो (टागालोगवर आधारलेली राष्ट्रभाषा) अनुवादात.

जेत्यांचा धर्म सोडला नाही, मग मुक्ती कसली?

हा आक्षेप सगळ्यांत जास्त ऐकू येतो. 2020 च्या जनगणनेत 78.8 टक्के लोकांनी स्वतःला रोमन कॅथलिक नोंदवलं. पण जेत्यानं दिलं आणि लोकांनी घेतलं या दोन गोष्टी सारख्या नसतात. मॅगेलननं सेबूच्या राणीला बाळ येशूची लाकडी मूर्ती दिली होती. त्याचे लोक निघून गेले. 44 वर्षांनी लेगास्पीची माणसं आली तेव्हा ती मूर्ती एका घरात नीट जपलेली सापडली. मधल्या काळात तिथं एकही पाद्री नव्हता. आज जानेवारीतल्या सिनुलोग उत्सवात लाखो लोक त्या सान्तो निन्योसमोर, म्हणजे बाळ येशूसमोर, नाचतात.

पवित्र सप्ताहात ख्रिस्ताच्या छळाची कथा टागालोगमध्ये रात्रभर गाऊन म्हटली जाते, तिला ‘पासियोन’ म्हणतात. गरीब, निर्दोष माणूस, त्याला सत्ताधारी मारतात, आणि तो पुन्हा उठतो. ही कथा वर्षानुवर्षं गाणाऱ्या शेतकऱ्यांना कातिपुनानची भाषा लगेच कळली, असं इतिहासकारांनी दाखवलं आहे. 1902 मध्ये तर पोपला न मानणारं स्वतंत्र फिलिपिनो चर्चही निघालं.

चर्चचं ओझं नाही असं मात्र म्हणता येत नाही. मुसलमानांचा अपवाद सोडला तर फिलिपिन्समध्ये आजही घटस्फोट नाही. व्हॅटिकन वगळता जगात दुसरा असा देश उरलेला नाही. 2024 मध्ये प्रतिनिधीगृहानं घटस्फोटाचं विधेयक मंजूर केलं, पण कायदा झाला नाही. मोडलेल्या संसारात अडकलेल्या बायकांना याची किंमत रोज मोजावी लागते.

खरा वारसा कशात आहे?

माझ्या मते जमिनीत. आडनावं आणि चर्च डोळ्यांत भरतात, म्हणून लेख त्यांच्यावर लिहिले जातात. स्पेननं जुन्या दातूंना गावप्रमुख केलं, करमाफी दिली, वेठीतून सूट दिली. त्यांच्याकडे आणि पाद्र्यांच्या संघांकडे जमिनी साठत गेल्या. अमेरिकी सरकारनं 1903 मध्ये फ्रायरांच्या सुमारे चार लाख एकर जमिनी विकत घेतल्या, कुळांना द्यायच्या म्हणून. ज्यांच्याकडे पैसा होता त्यांनी त्यातल्या बऱ्याच घेतल्या. आजचं घराणेशाहीचं राजकारण या मातीत रुजलेलं आहे. 1987 च्या राज्यघटनेत राजकीय घराणेशाहीला मनाई आहे, पण ती अमलात आणणारा कायदा करायचा काँग्रेसनं, म्हणजे तिथल्या संसदेनं, आणि काँग्रेसमध्ये तीच घराणी.

देशाचं नाव बदला अशी मागणीही अधूनमधून उठते. एका स्पॅनिश राजाचं नाव कशाला मिरवायचं, असं म्हणत 2019 मध्ये राष्ट्राध्यक्ष दुतेर्तेंनी ‘महार्लिका’ हे नाव सुचवलं. हे नाव थोरल्या मार्कोसांच्या, म्हणजे मार्कोस ज्युनिअर यांच्या वडिलांच्या, राजवटीलाही प्रिय होतं. त्या शब्दाचं मूळ संस्कृत आणि अर्थ एका विशिष्ट उच्च वर्गाचा, त्यामुळे तेही सगळ्यांचं नाही. ‘फिलिपिनो’ या नावासाठी मात्र माणसं मेली आहेत.

या ‘आम्ही’त कोण नाही?

दक्षिणेचे मुसलमान आणि कोर्दिलेरा डोंगरातले इगोरोत. स्पेनला या दोघांना पूर्णपणे कधीच जिंकता आलं नाही. स्पेनविरुद्ध सगळ्यांत जास्त काळ लढलेले तेच, तरी स्पेनशी भांडून घडलेल्या राष्ट्राच्या कथेत ते कडेला उभे आहेत. ती कथा बाप्तिस्मा झालेल्यांची आहे. दक्षिणेच्या मुसलमानांना स्पॅनिशांनी ‘मोरो’ म्हटलं, आपल्या देशातल्या जुन्या मुसलमान शत्रूंच्या नावावरून. विसाव्या शतकात उत्तरेच्या ख्रिस्ती शेतकऱ्यांना मिंदानाओत नेऊन वसवलं गेलं, मोरोंच्या जमिनी गेल्या आणि 1970 च्या दशकापासून सशस्त्र संघर्ष पेटला. त्यात फार माणसं मेली.

अनेक वाटाघाटींनंतर 2019 मध्ये बांगसामोरो हा मुस्लिमबहुल स्वायत्त प्रदेश अस्तित्वात आला. पूर्वी शिवी असलेलं ‘मोरो’ हे नाव त्यांनी स्वतःहून प्रदेशाच्या नावात घेतलं. पण ज्या सुलूच्या सुलतानांनी स्पेनला शतकानुशतकं दाद दिली नव्हती, त्या सुलूच्या मतदारांनी या प्रदेशात जायलाही नकार दिला होता. तरी आधी सुलूला त्यात धरलं गेलं. सप्टेंबर 2024 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं निकाल दिला की सुलूनं ‘नको’ म्हटलं असल्यामुळे तो प्रांत बांगसामोरोचा भाग नाही. तिथल्या लोकांचा कारभार, शाळा आणि निधी कुणाकडून चालायचा याची फेरजुळणी त्यानंतर सुरू करावी लागली.